कामावर अपघात झाला, भरपाईचा क्लेम रिजेक्ट झाला, आता वकील कसा आणि कुठून गाठायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं भारतातल्या कायद्याबद्दल आहे आणि उदाहरणं जास्त करून महाराष्ट्रातली आहेत. प्रश्न तेच घेतलेत जे लोक खरंच विचारतात, म्हणून क्रम थोडा वेडावाकडा वाटेल.

कंपनीने लिहून दिलंय की भरपाई मिळणार नाही. म्हणजे विषय संपला का?

संपला कसला, अजून सुरूच झालेला नाही. हे पहिलं डोक्यात घट्ट बसवा, की भरपाई द्यायची की नाही हे ठरवायचा अधिकार कंपनीच्या एचआरला नाही, इन्शुरन्स कंपनीच्या सर्व्हेयरला नाही आणि ठेकेदाराला तर अजिबातच नाही. तो अधिकार आहे कर्मचारी भरपाई आयुक्तांना. नाव आयुक्त असलं तरी महाराष्ट्रात हे काम बऱ्याच ठिकाणी कामगार न्यायालयाचे नाहीतर दिवाणी न्यायाधीशच बघतात. कंपनीचं लेटर म्हणजे फक्त समोरच्या पार्टीचं म्हणणं. उलट ते जपून ठेवा, कारण आपसात मिटलं नाही, वाद आहे, हे दाखवायला तेच कामाला येतं. आणि बऱ्याचदा तर लेटरही देत नाहीत, नुसतं तोंडी सांगतात की साहेब नाही म्हणाले. मग तुम्हीच लेखी मागणी रजिस्टर पोस्टाने एडी लावून पाठवा. उत्तर आलं तर आलं, नाही आलं तर पोचपावती तरी हातात राहते.

नेमका कुठला कायदा लागतो? कोणी 1923 चा म्हणतं, कोणी नवीन कोड म्हणतं.

दोघंही बरोबर आहेत. जुना म्हणजे कर्मचारी भरपाई कायदा 1923. नवीन म्हणजे सामाजिक सुरक्षा संहिता 2020, जी केंद्र सरकारने 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू केली. तुमचा अपघात त्या तारखेच्या आधीचा असेल तर जुन्या कायद्याने बघायचं, नंतरचा असेल तर संहितेने. वकिलाकडे गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत त्याने तुम्हाला अपघाताची तारीख विचारलीच पाहिजे, नाही विचारली तर मला तरी जरा शंका येईल. खालचे आकडे आणि नियम 1923 च्या कायद्याचे आहेत कारण चालू केसेस बहुतेक त्यातल्याच आहेत. संहितेतला ढाचा बराचसा तसाच आहे, पण आकड्यांबाबत तुमच्या तारखेला काय लागू होतं ते वकिलाकडून पक्कं करून घ्या.

माझ्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) कापतात. मग मी आयुक्तांकडे जाऊ का?

नाही. इथे लोकांचं वर्ष वर्ष वाया जातं. ईएसआयमध्ये असाल (पगाराची मर्यादा 2017 पासून महिना 21,000 आहे) तर अपघाताचा फायदा ईएसआय कॉर्पोरेशनकडूनच मिळतो, मालकावर 1923 च्या कायद्याने वेगळी केस करता येत नाही, कायद्यानेच तो रस्ता बंद केलाय. तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या साधारण 90 टक्के मिळतात, कायमचं अपंगत्व असेल तर मेडिकल बोर्ड टक्के ठरवतं आणि त्याप्रमाणे महिन्याला रक्कम चालू होते. ईएसआयने हा कामावरचा अपघातच नाही म्हणून क्लेम फेटाळला, तर कर्मचारी विमा न्यायालयात जायचं, मुदत तीन वर्षांची. बोर्डाचा निर्णय पटला नाही तरी तिथे अपील करता येतं, पण त्याची मुदत फक्त तीन महिन्यांची.

आणि मालकाने तुमचं नाव ईएसआयला भरलंच नव्हतं, पैसे कापून जमा केलेच नव्हते, असं अपघातानंतर कळलं तर? घाबरू नका. कामगार योजनेत बसत असेल तर मालकाच्या चुकीमुळे त्याचा हक्क जात नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2003 मध्येच सांगितलंय. फक्त अशा केसला वकील ईएसआयची कामं करणारा हवा.

कंपनी म्हणते चूक तुझीच होती, लक्ष नव्हतं तुझं.

नकाराचं हे सगळ्यात आवडतं कारण, आणि कायद्यात सगळ्यात लुळं. ही भरपाई चुकीवर अवलंबूनच नाही. दुर्लक्ष झालं, घाई केली, झोप आली, तरी भरपाई मिळते. मालकाला सुटायचं असेल तर त्याने दाखवावं लागतं की कामगार दारू किंवा नशेत होता, किंवा सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेला नियम जाणूनबुजून मोडला, किंवा मशीनचा गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं कवच), सेफ्टी डिव्हाइस मुद्दाम काढून टाकलं. शिवाय मृत्यू झाला असेल किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर ही तिन्ही कारणंसुद्धा चालत नाहीत. बरं, प्रत्यक्षात काय होतं माहितीये का, प्रोडक्शन वाढावं म्हणून प्रेस मशीनचा गार्ड सुपरवायझरच काढायला लावतो, सगळी शिफ्ट तशीच चालते, आणि एकाचं बोट गेलं की लगेच कागदावर येतं की कामगाराने गार्ड काढला. म्हणून त्या मशीनवर तुमच्या आधी आणि नंतर काम करणारे दोघं तिघं कोण, त्यांची नावं आणि नंबर अपघाताच्या आठवड्यातच लिहून ठेवा, नंतर माणसं नोकरी सोडून जातात किंवा बोलायला घाबरतात.

मी ठेकेदाराचा माणूस. कंपनी म्हणते आमचा संबंध नाही आणि ठेकेदार फोन उचलत नाही.

कंपनीचा संबंध आहे. कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचंच काम ठेकेदारामार्फत करून घेतलं आणि अपघात कंपनीच्या आवारात किंवा ताब्यातल्या जागेत झाला, तर कामगाराला मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. मग कंपनीने ती ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा आपसातला मामला. त्यामुळे अर्जात दोघांनाही पार्टी करा, आणि पॉलिसी असेल तर इन्शुरन्स कंपनीलाही. रोजंदारी, हंगामी, हातावर पगार, यातल्या कशानेही हक्क जात नाही. प्रश्न फक्त पुराव्याचा येतो. गेटपास, हजेरीचा फोटो, व्हॉट्सॅपवरचे शिफ्टचे मेसेज, ठेकेदाराने गूगल पेवर टाकलेला पगार, सगळं चालतं.

कामावर जाताना रस्त्यात अपघात झाला. म्हणतात ड्युटी सुरू नव्हती.

यावर जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाय आणि केस आपल्याकडचीच, धाराशिव भागातली आहे. साखर कारखान्याचा वॉचमन, पहाटे तीनची ड्युटी, मोटरसायकलवर निघालेला, कारखाना साधारण पाच किलोमीटर राहिला असताना अपघातात गेला, तो 2003 साली. आयुक्तांनी भरपाई दिली, हायकोर्टाने ती रद्द केली आणि सुप्रीम कोर्टाने पुन्हा दिली, बावीस वर्षांनी. कोर्टाचं म्हणणं असं की अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर घर ते काम हा प्रवासही कामातच धरायचा. नवीन संहितेत तर हे लिहूनच टाकलंय. तेव्हा या कारणावर नकार आला असेल तर वकिलाला हा निकाल आवर्जून सांगा. वाटेत मध्येच वेगळ्या कामाला वळला असाल तर मात्र केस अवघड होते.

साधारण किती मिळू शकतात?

हिशोब करून दाखवतो म्हणजे कोणी पन्नास हजारांत गुंडाळायला आलं तर कळेल. समजा वय 30, पगार 18,000, ईएसआय नाही, आणि प्रेसवर उजव्या हाताचा अंगठा गेला. हिशोबाला पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात (जानेवारी 2020 पासून, आधी 8,000 च होता). कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पगाराचे 60 टक्के गुणिले वयाचा गुणांक, म्हणजे कायद्याच्या तक्त्यात वयाप्रमाणे दिलेला आकडा. 30 व्या वर्षाचा गुणांक 207.98. म्हणजे 9,000 गुणिले 207.98, झाले 18,71,820. अंगठ्याला कायद्याच्या यादीत 30 टक्के लिहिलेत, म्हणजे 5,61,546 रुपये. मृत्यू झाला असता तर 60 च्या जागी 50 टक्के, म्हणजे 15,59,850. वय वाढलं की गुणांक कमी होतो, 40 ला 184.17 आणि 50 ला 153.09.

याशिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मागता येतो, बिलं जपली असतील तर. भरपाई देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिली नाही तर वर्षाला 12 टक्के व्याज, आणि उशिराला नीट कारण नसेल तर रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंड. वरच्या उदाहरणात नुसतं व्याजच वर्षाला 67 हजारांच्या वर जातं. पॉलिसी असेल तर मूळ रक्कम आणि व्याज इन्शुरन्स कंपनीकडून येऊ शकतं, पण दंड सहसा मालकाच्याच खिशातून जातो, म्हणून दंडाची मागणी अर्जात टाकली की कंपनी जरा लवकर बोलायला येते.

तात्पुरतं अपंगत्व असेल तर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या 25 टक्के, पहिले तीन दिवस सोडून. पण 28 दिवस किंवा जास्त काळ काम बंद राहिलं तर पहिल्या दिवसापासून.

डॉक्टरने कमी टक्के लिहिलेत, पण मला ते कामच आता जमत नाही.

शरीराचं अपंगत्व किती टक्के हा एक प्रश्न आणि कमाईची ताकद किती गेली हा दुसरा, आणि भरपाई दुसऱ्यावर मिळते. 1975 चा सुप्रीम कोर्टाचा एक जुना निकाल आजही प्रत्येक वकील दाखवतो. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला, मालक म्हणाला यादीप्रमाणे टक्के द्या, कोर्ट म्हणालं एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणजे नुकसान 100 टक्के. तुमचं काम काय, त्यात रोज कुठल्या हालचाली लागतात, हे वकिलाला सविस्तर सांगा. वेल्डर, फिटर, हमाल, शिवणकाम, प्रत्येकाचं वेगळं असतं आणि वकिलाने ते शॉपफ्लोअर कधी पाहिलेलं नसतं. डॉक्टरांनाही सर्टिफिकेटमध्ये कमाईच्या ताकदीबद्दल स्पष्ट लिहायला सांगा, कारण पुढे त्यांना साक्षीला यावं लागतं.

वकील लागतोच का?

कायद्याने सक्ती नाही. तुम्ही लेखी अधिकार दिलात तर नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारीही तुमची बाजू मांडू शकतो, आणि जुन्या युनियनमध्ये अशी माणसं असतात जी नव्या वकिलापेक्षा ही केस जास्त चांगली चालवतात. फक्त समोर इन्शुरन्स कंपनीचा पॅनेलवरचा वकील उभा राहणार, डॉक्टरची उलटतपासणी होणार, म्हणून नकाराचं कारण जर "हा आमचा कामगारच नाही" किंवा "अपघात कामावरचा नाही" असं असेल तर माझं मत, वकील घ्याच. वाद फक्त रकमेचा असेल तर युनियनवाल्याने भागू शकतं.

पैसे नाहीत. फुकट वकील खरंच मिळतो का?

मिळतो, आणि हा उपकार नाही, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातला हक्क आहे. औद्योगिक कामगार, महिला, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती जमातीचे लोक, यांना तर उत्पन्नाची अटच नाही. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. म्हणजे कारखान्यात हात गमावलेला माणूस दोन दोन कारणांनी पात्र ठरतो आणि तरी उसने काढून फी भरत असतो, हे बघून खरंच वाईट वाटतं. जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते. साधा अर्ज, ओळखपत्र, कामगार असल्याचा किंवा जातीचा किंवा अपंगत्वाचा काहीतरी कागद. फोनवर विचारायचं असेल तर 15100. वकील नेमून देतात, त्याची फी प्राधिकरण देतं. तो तारखेला येतच नसेल तर तिथेच लेखी अर्ज करून बदलून मागा, गप्प बसू नका.

एक वकील म्हणतो आत्ता काही नको, मिळाल्यावर तीस टक्के दे.

भारतात वकिलाला निकालाच्या रकमेत हिस्सा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. होतं सर्रास, ते मान्य, पण नियमात बसत नाही. ठरलेली फी टप्प्याटप्प्याने घेणारा वकील शोधा, आणि आकडा लिहून घ्या, दिलेल्या पैशांची पावती मागा. तसंच वकिलांना जाहिरात करायलाही मनाई आहे. त्यामुळे हॉस्पिटलच्या वॉर्डात कार्ड घेऊन जो माणूस येतो, "काका काळजी करू नका, सगळं आमचे साहेब बघतात" म्हणतो, तो वकील नसतो, एजंट असतो, आणि त्याचं कमिशन तुमच्याच पैशातून जातं. कोऱ्या वकीलपत्रावर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नका.

मग चांगला वकील ओळखायचा कसा?

कामगार न्यायालयाच्या आवारात एक दिवस जाऊन बसा. बोर्डावर भरपाईच्या केसेस असतात, कोण उभं राहतंय, कोण नुसतीच पुढची तारीख मागतंय, ते डोळ्यांनी दिसतं. बाहेर बाकावर बसलेल्या दुसऱ्या कामगारांना विचारा, ते खरं सांगतात. भेटल्यावर विचारा की या कायद्याखाली केसेस चालवल्यात का, तो मालकांचं किंवा त्याच इन्शुरन्स कंपनीचं काम करतो का, आणि तारखेला स्वतः येणार की ज्युनियर. घटस्फोट, चेक बाउन्स आणि जमिनीचे वाद यातच मुरलेला वकील हुशार असू शकतो, पण गुणांक काय ते माहीत नसेल तर तुमच्या पैशावर शिकेल. सनदेबद्दल (वकिलीच्या परवान्याबद्दल) शंका असेल तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे खात्री करता येते.

पहिल्या भेटीला काय घेऊन जायचं?

जे असेल ते, नसेल त्याची यादी वकील देईल. डिस्चार्ज कार्ड सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्यात एक बारीक गोष्ट बघा, "अपघात कसा झाला" या ओळीत काय लिहिलंय. कंपनीचा माणूस ॲडमिट करताना "घरी पडला" असं सांगून मोकळा होतो आणि मग तीच ओळ पुढे आडवी येते. तसं झालं असेल तर लगेच हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या. बाकी पगार स्लिप किंवा बँक स्टेटमेंट, वयाचा दाखला, पोलिसांत नोंद झाली असेल तर ती आणि पंचनामा, बिलं, फोटो, नकाराचं लेटर. कारखान्यातला अपघात असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे कंपनीने काय कळवलंय, इन्स्पेक्टरने चौकशीत काय लिहिलंय, हे माहितीच्या अधिकारात मागवता येतं. दहा रुपयांच्या अर्जात कधी कधी केसचा जीव असलेला कागद हाती लागतो, कारण कंपनीने तिथे स्वतःच अपघात कबूल केलेला असतो.

किती दिवसांत जावं लागतं?

अपघातापासून किंवा मृत्यूपासून दोन वर्षं. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मिळू शकते पण तो वेगळा अर्ज आणि वेगळं टेन्शन. "साहेब बघू म्हणालेत, दिवाळीनंतर करू" यात दोन वर्षं कशी जातात कळत नाही. सिलिकोसिस, ॲस्बेस्टोसिस, आवाजाने बहिरेपणा असे कामामुळे होणारे आजारही भरपाईत येतात, तिथे तारीख धरायची कशी हे जरा किचकट आहे, वकिलाला लगेच विचारा.

स्टॅम्प पेपरवर सही करून एक लाख घेतले. आता काही होऊ शकतं का?

बऱ्याचदा हो. हक्क सोडून देण्याचा करार या कायद्यात चालत नाही, आणि एकरकमी तडजोड आयुक्तांकडे नोंदवावी लागते. रक्कम अपुरी आहे किंवा फसवणूक, दबाव दिसतो म्हणून आयुक्त नोंद नाकारू शकतात. नोंदच केली नसेल तर मालकाची पूर्ण जबाबदारी कायम राहते. मिळालेले पैसे लपवू नका, अर्जात सरळ लिहा.

नवरा गेला. कंपनी म्हणते पैसे थेट तुमच्याच हातात देतो, कोर्ट कशाला.

मृत्यूच्या केसमध्ये भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते, परस्पर दिलेली रक्कम कायदा भरपाई म्हणून धरत नाही. आयुक्त मग विधवा, मुलं, आईवडील यांच्यात वाटणी करतात आणि लहान मुलांचा हिस्सा सहसा बँकेत ठेवायला लावतात. घरात दीर-भाऊ यांची ओढाताण असेल तर हे बरंच पडतं.

कंपनी ठाण्यात होती, मी आता नांदेडला गावी आलोय.

गावाकडूनच करा. तुम्ही राहता त्या भागातल्या आयुक्तांकडे अर्ज करता येतो, कंपनीला तिकडे यावं लागतं.

मी ट्रक ड्रायव्हर आहे. मोटार अपघात न्यायाधिकरणात जाऊ की इथे, आयुक्तांकडे?

दोन्हीकडे नाही, एकच निवडायचं. तिथे रक्कम मोठी असू शकते पण साधारणपणे दुसऱ्याची चूक दाखवावी लागते. गाडी तुमच्याच चुकीने उलटली असेल तर इथे या, इथे चूक बघत नाहीत. हा निर्णय अर्ज टाकायच्या आधीच वकिलासोबत घ्या, नंतर रस्ता बदलता येत नाही. मोटार अपघाताच्या अर्जाला आता सहा महिन्यांचीच मुदत आहे.

केस किती चालते?

कायदा म्हणतो तीन महिने. प्रत्यक्षात वर्षं लागतात, खोटं कशाला सांगू. मालकाला हायकोर्टात अपील करायचं तर 60 दिवसांत करावं लागतं, त्यात कायद्याचा मोठा प्रश्न असावा लागतो, आणि निकालाची रक्कम आधी आयुक्तांकडे जमा केल्याचा दाखला जोडावा लागतो. त्यामुळे नुसतं ताणायला अपील करणं मालकाला परवडत नाही.

निकाल लागला, तरी कंपनी पैसे भरत नाही.

अपील नसेल तर वसुलीचा अर्ज टाका. ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे दाखला कलेक्टरकडे जातो आणि तिथून तहसीलदार जप्तीपर्यंत जाऊ शकतो. पण फाइल आपोआप हलत नाही. कंपनीचा बँक खाते नंबर, गाडीचे नंबर, शेडची जागा कोणाच्या नावावर आहे, हे वकिलाला आधीच गोळा करून द्या आणि तहसील ऑफिसात अर्जाची पोच घ्या.